एक्स-रेतलं पांढरं ओळखताना: फिलिंग, कॅप, रूट कॅनाल आणि चमकी

इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. हातात आयओपीए, म्हणजे तोंडात फिल्म ठेवून काढलेला तीन-चार दातांचा छोटा एक्स-रे होता आणि त्यात वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधे काळा खड्डा ढळढळीत दिसत होता. मी खुर्चीतल्या बाईंना ठणकावून सांगितलं, "काकू, मोठी कीड आहे, आजच भरून घ्या." काकू म्हणाल्या, "अहो, तो भरलेलाच आहे की. पोरीच्या बारशाच्या वेळी भरला, ती आता नोकरीला लागली." मागे उभ्या असलेल्या सरांनी काही न बोलता एक्स-रे काढून घेतला आणि हातात आरसा दिला. बघते तर दाताच्या रंगाचं फिलिंग, जरा पिवळट पडलेलं, पण शाबूत. जुनी कॉम्पोझिट, म्हणजे अशी दाताच्या रंगाची फिलिंग, एक्स-रेत काळी दिसतात हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाची मुलं, नवे इंटर्न, दवाखान्यात नुकत्या लागलेल्या असिस्टंट आणि हल्ली कंपन्यांमध्ये बसून यंत्राला शिकवण्यासाठी दातांच्या एक्स-रेवर चौकटी आखायचं काम करणारे आमचे बरेच बीडीएसवाले, यांच्यासाठी हे लिहिते आहे. रोगनिदान यात नाही. ‘या दातात आधी कोणी काय करून ठेवलंय’, एवढाच प्रश्न.

नवखा माणूस आधी पांढरेपणा बघतो. लखलखीत पांढरं म्हणजे चांदी, जरा कमी म्हणजे सिमेंट, काळं म्हणजे कीड. हा हिशेब बऱ्याचदा जुळतो, आणि त्यामुळेच जेव्हा जुळत नाही तेव्हा पत्ता लागत नाही. माझा क्रम असा: आधी जागा, मग कड, मग आकार, आणि पांढरेपणा सगळ्यात शेवटी.

१. बसण्याआधी जवळ काय हवं

- मूळ चित्र. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला फोटो नको. त्यात कडा पुसल्या जातात, आणि फिल्म उलटी धरली असेल तर डावं-उजवंही बदलतं.
- फिल्म असेल तर व्ह्यूअर आणि भिंग. संगणकावर बघत असाल तर खोलीतला दिवा मंद करा, पाठीमागची खिडकी बंद.
- त्याच पेशंटचे जुने एक्स-रे, तारखेसकट. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात नसलेला पांढरा ठिपका आज दिसला तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.
- केस पेपर, जुन्या पावत्या. पावतीवर ‘आरसीटी (रूट कॅनाल) + कॅप’ लिहिलेलं असतं आणि आपण तासभर डोकं खाजवत बसतो.
- दातांचा तक्ता आणि पेन.
- तोंडात बघायचा आरसा, आणि ज्याचं तोंड आहे तो माणूस. चौकटी आखणाऱ्यांकडे हा शेवटचा ऐवज नसतो, म्हणून त्यांनी ‘नक्की’ हा शब्द आमच्यापेक्षा जपून वापरावा.

२. चित्र कुठलं, बाजू कुठली, दात कुठला

आयओपीएत तीन-चार दात मुळांसकट आणि थोडं हाड दिसतं. बाइटविंगमध्ये वरच्या-खालच्या दाढांची फक्त डोकी एकाच चित्रात येतात; फिलिंगची कड तपासायला याच्यासारखं चित्र नाही. ओपीजीत अख्खी बत्तीशी दिसते, पण कडा भोंगळ, आणि पुढच्या दातांवर मानेच्या मणक्याची सावली पडते. ओपीजीवरून ‘कॅप आहे’ म्हणावं, ‘कॅपची कड उघडी आहे’ म्हणू नये.

आपल्याकडे सेन्सरने काढलेल्या कुठल्याही आयओपीएला ‘आरव्हीजी’ म्हणतात. १९८७ साली फ्रान्समध्ये आलेल्या पहिल्या डिजिटल यंत्राचं ते नाव. फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, त्यातलाच प्रकार. केस पेपरवर आरव्हीजी लिहिलं असेल तर वेगळा एक्स-रे शोधत बसू नका.

फिल्मच्या कोपऱ्यात एक उठावाचा टिपका असतो. तो फुगीर बाजूने तुमच्याकडे आला की पेशंट तुमच्यासमोर तोंड करून बसलाय असं समजायचं, म्हणजे चित्राची डावी बाजू ही त्याची उजवी. ओपीजीवर इंग्रजी ‘आर’ किंवा ‘एल’ असतो, तो आधी शोधा. डिजिटल चित्र एका क्लिकने आरशासारखं उलटतं आणि उलटलंय हे कळतही नाही.

नंबर दोन आकडी पद्धतीने लिहा. पहिला आकडा तोंडाच्या चार हिश्श्यांपैकी कुठला त्याचा, दुसरा दाताचा. ३६ म्हणजे खालची डावीकडची पहिली मोठी दाढ. म्हणताना ‘तीन-सहा’, छत्तीस नाही. दुधाच्या दातांचे हिस्से ५ ते ८. अगदीच गोंधळ उडाला तर बघायला ३६ आणि ४६ पासून सुरुवात करा. या दाढा साधारण सहाव्या वर्षी येतात, घरच्यांना त्या दुधाच्याच वाटतात, आणि मग कीड, फिलिंग, रूट कॅनाल, कॅप असा सगळा प्रवास त्यांचाच आधी होतो.

३. पांढऱ्याची शिडी

ज्यातून किरण आरपार जातात ते काळं, जे किरण अडवतं ते पांढरं. अडवणं तीन गोष्टींवर ठरतं: पदार्थातल्या मूलद्रव्यांचा अणुक्रमांक, घनता आणि जाडी. निरोगी दातात नस सगळ्यात काळी, मग हाड, मग डेंटिन (दाताचा आतला मुख्य भाग), आणि सगळ्यात पांढरं इनॅमल (बाहेरचं कडक आवरण). एक मिलिमीटर डेंटिन साधारण तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमइतकं पांढरं, इनॅमल त्याच्या जवळपास दुप्पट. प्रत्येक चित्रात इनॅमल हीच तुमची फूटपट्टी, कारण एक्सपोजर कमी-जास्त झालं तर सगळंच सोबत बदलतं.

काही अणुक्रमांक डोक्यात असलेले बरे: कॅल्शियम २०, टायटॅनियम २२, जस्त ३०, झिर्कोनियम ४०, चांदी ४७, कथील ५०, बेरियम ५६, सोनं ७९, पारा ८०, बिस्मथ ८३. झिर्कोनियाची कॅप दिसायला दुधासारखी असून एक्स-रेत धातूसारखी का उमटते, आणि टायटॅनियमची पिन धातू असूनही फिकी का, हे या आकड्यांवरून कळतं. जाडी मात्र विसरू नका. लहान मुलांची स्टीलची कॅप धातूचीच, पण पत्र्यासारखी पातळ. समोरून तिच्यातून आतला दात दिसतो, आणि दोन्ही बाजूंना, जिथे किरण पत्र्याच्या कडेकडेने जातात, तिथे ती लख्ख पांढरी दिसते.

४. आधी कड बघा

कीड कुठे थांबली ते बोट ठेवून सांगता येत नाही. तिची कड विरत जाते, ओल्या कागदावर शाई पसरावी तशी. माणसाने बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, कापलेला खड्डा वेगळा दिसतो: भिंती सरळ, तळ सपाट, कोपरे गोलसर. काकूंच्या त्या दातात खड्ड्याची कड कंपासने काढल्यासारखी होती आणि तळाशी बारीक पांढरी रेघ होती. ती रेघ म्हणजे फिलिंगखाली घातलेलं लायनिंग. किडीच्या तळाशी कोणी लायनिंग घालत नाही. मी तेव्हा काळ्याकडे बघत बसले आणि रेघ सुटली.

५. दाताच्या डोक्यातली कामं

चांदी. पेशंट म्हणतात ‘चांदी भरलीय’, पण अ‍ॅमलगममध्ये वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो. बाकी चांदी, कथील, तांबं. चित्रात संपूर्ण पांढरं, आत काहीच तपशील नाही, जणू तिथे कागदाला भोक पडलंय. कड थोडी ओबडधोबड, आणि दोन दाढांच्या मधल्या बाजूला हिरडीकडे ओघळलेलं टोक दिसलं तर बहुतेक चांदीच. त्या टोकाला ओव्हरहँग म्हणतात. तिथे अन्न अडकतं, म्हणून ते नोंदवायचंच. दात काढलेल्या जागी हाडावर पांढरे कण विखुरलेले दिसले तर काढताना तुटलेले चांदीचे तुकडे असू शकतात. हिरडीवर निळसर काळा डाग मिळतो का बघा. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून चांदीवर जवळपास बंदी आणली, आपल्याकडेही नव्या फिलिंगमध्ये ती कमी दिसते, पण चाळिशीच्या पुढच्या तोंडांत ती भरपूर आहे.

फसगत होते ती गालाच्या बाजूला भरलेल्या चांदीची. खालच्या दाढेच्या गालाकडच्या खळगीत छोटं फिलिंग असेल तर एक्स-रेत तो गोल पांढरा ठिपका बरोबर नसेवर येऊन बसतो, आणि नवखा लिहितो, ‘नसेपर्यंत फिलिंग’. चित्र सपाट आहे, पुढचं-मागचं एकावर एक पडतं. शंका आली तर ट्यूब थोडी सरकवून दुसरा एक्स-रे घ्या. वस्तू ट्यूबच्याच दिशेने सरकली तर ती जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूला, उलट दिशेने सरकली तर गालाच्या.

दाताच्या रंगाचं फिलिंग. नव्या कॉम्पोझिटमध्ये बेरियम, स्ट्रॉन्शियम, इटर्बियम, झिर्कोनियम यांपैकी काही ना काही घातलेलं असतं, त्यामुळे ती इनॅमलइतकी किंवा जास्त पांढरी दिसतात, पण चांदीसारखी आंधळी नाहीत. फिलिंगखाली एकसारख्या जाडीची, स्वच्छ कडेची बारीक काळी रेघ दिसली तर ते बहुधा साचलेलं बाँडिंग, म्हणजे फिलिंग चिकटवायचं द्रव. तीच रेघ एका टोकाला फुगलेली आणि विरत गेलेली असेल तर कीड परत आल्याचा संशय धरा.

जीआयसी, म्हणजे पेशंटचं ‘सिमेंट’, बऱ्याचदा हिरडीलगतच्या झिजेत नाहीतर दुधाच्या दातात असतं. त्याचा पांढरेपणा कंपनीगणिक बदलतो. नुसत्या एक्स-रेवरून जीआयसी आणि कॉम्पोझिट वेगळं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आत्मविश्वासाने सांगणारे पुष्कळ भेटलेत. ‘दाताच्या रंगाचं फिलिंग’ असं लिहून मोकळं व्हा.

तात्पुरतं फिलिंग. झिंक ऑक्साइडचं असेल तर जस्तामुळे चांगलं पांढरं दिसतं. खरी खूण त्याच्या खाली असते. रूट कॅनाल अर्धवट असेल तर फिलिंग आणि मुळांची तोंडं यांच्या मधे काळी पोकळी दिसते. तो कापसाचा बोळा. पेशंटला विचारा, "ट्रीटमेंट मधेच सोडली होती का?" उत्तर बहुतेक वेळा गावची जत्रा किंवा मुलीचं लग्न असतं.

कॅप. पूर्ण धातूची कॅप म्हणजे दातावर चढवलेलं भरीव शिरस्त्राण: पांढरं, गुळगुळीत, खाली काही दिसत नाही. पीएफएममध्ये, म्हणजे धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या कॅपमध्ये, आतलं शिरस्त्राण धातूचं आणि बाहेर पोर्सिलेनचा राखाडी थर. ती दुहेरी कड भिंगाखाली छान दिसते. झिर्कोनियात तो वेगळा थर सहसा दिसत नाही, सलग पांढरं. म्हणून झिर्कोनिया की धातू हा वाद चित्रावर घालू नका, तोंड उघडलं की दोन सेकंदांत मिटतो. लिथियम डायसिलिकेटची, म्हणजे काचेसारख्या सिरॅमिकची, कॅप सोज्वळ: डेंटिन-इनॅमलच्या आसपासचा पांढरेपणा, आणि आत घासून बारीक केलेला दात स्पष्ट. अ‍ॅक्रिलिकची तात्पुरती कॅप जवळपास दिसतच नाही. दात खुंटीसारखा निमुळता दिसतो आणि शेजारच्या दाताशी फट पडल्यासारखी वाटते. अशी खुंटी दिसली की ‘दात झिजलाय’ लिहिण्याआधी थांबा.

दुधाच्या दाढेवरची स्टीलची कॅप मघाशी सांगितली. तिच्याखाली नसेच्या खोलीत पांढरं आणि मुळं मात्र रिकामी दिसली तर वरचीच नस काढून पल्पोटॉमी केलेली असते. ‘रूट कॅनाल अपुरं’ असं त्यावर लिहिलेलं मी पाहिलंय, आणि ते वाचून घाबरून आलेली आईही.

६. मुळातली कामं

पेशंट ‘नस काढली’ म्हणतात. नस काढून त्या जागी भरतात ते गटापर्चा. मूळ पदार्थ मलायाकडच्या झाडाचा चीक, तो एक्स-रेत दिसलाच नसता. त्याला पांढरं करतात ते झिंक ऑक्साइड आणि बेरियम सल्फेट. वरून खाली निमुळता होत गेलेला, मुळाच्या वळणाबरोबर वळलेला पट्टा, चांदीपेक्षा कमी पांढरा. मुळाच्या टोकाबाहेर छोटासा पांढरा ठिपका असेल तर बहुतेक सीलर, म्हणजे गटापर्चाभोवतीचा चिकट लेप, बाहेर आलंय. भरण किती खाली पोचलंय ते टोकापासून मोजून लिहा, आणि कालवे, म्हणजे मुळांतल्या नळ्या (कॅनाल), तेही मोजा: वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन, पण कालवे बऱ्याचदा चार.

गटापर्चासारखं दिसणारं पण गटापर्चा नसलेलं असं बरंच काही मुळात सापडतं.

चांदीची काडी, म्हणजे सिल्व्हर पॉइंट, जुन्या लोकांच्या दातांत क्वचित मिळते. लख्ख पांढरी, ताठ, तारेसारखी; मूळ रुंद असलं तरी ती बारीकच राहते, बाजूला फट दिसते.

तुटलेली फाइल, म्हणजे कालवा साफ करायची सुई, बारीक, चकचकीत, मोठी करून पाहिली तर कडेला स्क्रूसारखे दाते. कधीकधी ती गटापर्चाच्या आत दडलेली असते, तेव्हा एका तुकड्यापुरताच पांढरेपणा जास्त असतो. स्प्रिंगसारखी वेटोळी दिसली तर तो पेस्ट भरायचा लेंट्युलो तुटलाय. अशी गोष्ट दिसली की पेशंटसमोर "अरे बापरे, यांनी तर फाइल तोडलीय" असं म्हणू नका. फाइल चांगल्या हातांतूनही तुटते. लिहा आणि वरिष्ठांना दाखवा.

साधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड मुळात भरला असेल तर गंमत होते. त्याचा पांढरेपणा डेंटिनसारखाच, त्यामुळे कालवा दिसेनासा होतो आणि वाटतं, कालवा बुजला. आयोडोफॉर्म मिसळलेली पेस्ट मात्र ठळक पांढरी दिसते, आणि टोकाबाहेर गेली तर काही महिन्यांनी शरीर ती शोषून घेतं. गेल्या वेळी होतं आणि आता नाही, असं दिसलं तर हेच आठवा. एमटीए नावाचं दुरुस्तीचं सिमेंट मुळाच्या टोकाशी किंवा भोक पडलेल्या जागी जाड बुचासारखं बसतं, जुन्या एमटीएत बिस्मथ ऑक्साइड असल्याने पांढरं. मुळाचं टोक सपाट कापल्यासारखं आणि त्यावर पांढरा टिपका दिसला तर ऑपरेशन करून खालून भरलंय.

राहिल्या पिना, म्हणजे पोस्ट. धातूच्या स्क्रूला आटे दिसतात. ओतीव पोस्ट खोडासारखा, वरचा गाभा आणि खालची मुळी एकसंध. टायटॅनियमचा पोस्ट गटापर्चाइतकाच पांढरा, दोन्ही एकाखाली एक असतील तर जोड शोधावा लागतो; पोस्टच्या कडा समांतर, गटापर्चा निमुळता. फायबर पोस्ट सगळ्यांत अवघड. मधे काळसर पट्टा आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या पांढऱ्या रेघा, रेल्वेच्या रुळांसारख्या. मी पहिल्यांदा तो ‘वरून अर्धा रिकामा राहिलेला कालवा’ म्हणून लिहिला होता.

७. खाली मूळच नाही

कॅप दिसते आणि खाली नुसतं हाड. म्हणजे ब्रिज, शेजारच्या दोन कॅपना जोडलेला मधला दात. जोड पांढरा आणि सलग आहे ना बघा.

इम्प्लांटला, पेशंटच्या ‘स्क्रूच्या दाताला’, आटे असतात आणि वरच्या भागाशी त्याचा सांधा दिसतो. टायटॅनियम असलं तरी जाड असल्याने चांगलं पांढरं दिसतं. त्याच्याभोवती काळी रेघ दिसली तर जागा नोंदवा, कारण लिहू नका.

कवळी ओपीजीआधी काढून ठेवायची असते. राहून गेलीच तर अ‍ॅक्रिलिकचे दात आणि गुलाबी भाग दिसत नाहीत, पण तारेचे आकडे दिसतात. हवेत लटकलेली वाकडी तार दिसली की आधी कवळी आठवा. दुसरी शक्यता रस्त्यावर किंवा बाजारात बसवलेल्या ‘फिक्स’ दातांची. शेजारच्या दातांना तार गुंडाळून वर अ‍ॅक्रिलिक थापलेलं असतं; एक्स-रेत तार तेवढी दिसते. पेशंट त्याला कवळी मानत नाही, म्हणून ‘कवळी काढा’ म्हटल्यावर काढतही नाही.

तारा लावलेली मुलं सोपी: ब्रॅकेट आणि वायर. तारा काढल्यानंतर खालच्या पुढच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार तेवढी विसरू नका.

८. जे कामच नाही

एका आजींचा वरच्या पुढच्या दाताचा आयओपीए माझ्यासमोर होता. डावीकडच्या २२ च्या मुळाच्या टोकाजवळ तांदळाच्या कणीएवढा लखलखीत ठिपका, कड धारदार. मी ‘टोकाबाहेर धातूचा तुकडा, २२’ लिहिलं आणि पुढच्या कागदाकडे वळले. असिस्टंट ताई म्हणाल्या, "मॅडम, आजींची चमकी राहिली काढायची." नाकपुडी फिल्मच्या वाटेत येते, तेव्हा चमकी थेट पुढच्या दातांच्या मुळांवर उमटते. आपल्याकडे चमकी बहुधा डावीकडे, म्हणून २१-२२ जवळ एकटा पांढरा ठिपका दिसला की आधी पेशंटच्या नाकाकडे बघायचं. आजींना चमकी काढायला सांगितलं तर म्हणाल्या, "बाई, ती लग्नापासून निघालेली नाही." नाही काढली. कोन बदलून दुसरा एक्स-रे घेतला, ठिपका मुळापासून लांब सरकला.

ओपीजीत दागिन्यांचा खेळ आणखी वाढतो. कानातलं जिथे आहे तिथे तर दिसतंच, शिवाय विरुद्ध बाजूला, थोडं वर, मोठं आणि धूसर असं त्याचं भूत दिसतं. उजव्या झुमक्याचं भूत डाव्या वरच्या जबड्यावर येऊन बसतं. धूसर, फुगलेलं, आणि पलीकडे खाली तसाच धारदार जोडीदार असलेलं पांढरं दिसलं तर ते भूत. आखूड मंगळसूत्र किंवा गळ्यातली चेन खालच्या जबड्यावर येते. शिशाचा एप्रन मानेशी वर सरकला असेल तर खाली मधोमध मोठा पांढरा डोंगर. मिशरी-तंबाखूचे काळे थर तोंडात कितीही दिसले तरी एक्स-रेत काही उमटत नाही. दगडासारखं जमलेलं टार्टर मात्र दातांच्या मधे काट्यासारखं टोकदार दिसतं, तो ओव्हरहँग नव्हे.

नसेच्या खोलीत गोलसर पांढरं आणि दाताला वरून भोक पाडल्याची खूणच नाही? तर तो पल्प स्टोन, नैसर्गिक खडा. पांढरेपणा डेंटिनइतकाच असतो, त्यावरूनही कळतं.

काळ्या रंगाचे फसवेही आहेत. दाताच्या मानेशी, इनॅमल संपून हाड सुरू होण्याच्या मधल्या जागेत काळसर पट्टा दिसतो, त्याला सर्व्हायकल बर्नआउट म्हणतात. तिथे किरण अडवायला आजूबाजूपेक्षा कमी असतं एवढंच. आणि डिजिटल चित्रात सॉफ्टवेअर कडा धारदार करतं तेव्हा धातूच्या भोवती काळी किनार तयार होते. फिलिंगखाली कीड आहे असंच वाटतं. एक सोपी चाचणी: ती किनार धातूच्या सगळ्या बाजूंनी, अगदी जिथे दात नाही तिथेही, तेवढ्याच जाडीची आहे का? असेल तर शार्पनिंग बंद करून मूळ चित्र बघा. या एका बटणापायी चांगली फिलिंग उकरली गेलेली मी पाहिली आहेत.

९. लिहायचं कसं

एका ओळीत चार गोष्टी: दात, बाजू, काय दिसतं, खात्री किती. उदाहरणार्थ:

- ३६: वरच्या आणि मागच्या बाजूला धातूइतकं पांढरं फिलिंग, मागे ओव्हरहँग. बहुधा अ‍ॅमलगम.
- ४६: दोन्ही मुळांत गटापर्चासारखं भरण, मागच्या मुळात समांतर कडांचा पोस्ट, वर सलग पांढरी कॅप. धातू की झिर्कोनिया, तोंडात बघून.
- १२: पुढच्या बाजूला धारदार कडेचा काळा भाग, तळाशी पांढरी रेघ. जुनं कॉम्पोझिट? तोंडात तपासावं.

‘आहे’ हा शब्द मी फक्त आकारावरून पटेल अशा गोष्टींना वापरते: इम्प्लांट, ब्रॅकेट, आट्यांचा स्क्रू, ब्रिज. पदार्थाचं नाव लिहायचं तर ‘बहुधा’ लावते. चौकटी आखणाऱ्यांच्या यादीत ‘बहुधा’चा पर्याय नसेल तर पर्याय मागून घ्या, अंदाजाने खूण करून पुढे गेलात तर तो अंदाज पुढे यंत्र खरं मानून शिकतं.

सरावासाठी एक वही करा. डाव्या पानावर, तोंडात न बघता, फक्त एक्स-रेवरून लिहायचं. मग पेशंटला खुर्चीत बसवून आरशाने बघायचं आणि उजव्या पानावर लाल पेनाने खरं काय ते लिहायचं. रोज दोन पेशंट पुरे. माझी तिसरी वही चालू आहे. चमकी आता सुटत नाही, फायबर पोस्टही ओळखू येतो. लाल शाई अजून सगळ्यात जास्त जाते ती ‘सिमेंट की कॉम्पोझिट’ या रकान्यात.